ऑस्टिनची एलबीजे लायब्ररी नीट कशी बघायची (पाहुण्यांना घेऊन सहा वेळा जाऊन आल्यावर)

ऑस्टिनला पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी जेटलॅग उतरायच्या आतच प्रश्न येतो, इथे बघायला काय आहे गं. कॅपिटलची इमारत बघून होते, पुलाखालची वटवाघळं बघून होतात, आणि मग मी म्हणते चला, एलबीजेच्या, म्हणजे अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन बेन्स जॉन्सनच्या लायब्ररीत जाऊ. यावर चेहरे पडतात. माझी मावशी तर म्हणाली मी वाचायचा चष्मा पुण्यालाच विसरलेय, मी घरीच थांबते, तुम्ही या वाचून.

तर आधी हा नावाचा घोळ मिटवते. प्रेसिडेन्शियल लायब्ररी म्हणजे वाचनालय नाही. त्या राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीतले कागद, फोटो, टेप्स जिथे ठेवलेत ते दफ्तरखानं, आणि त्याला जोडून त्याच माणसावरचं म्युझियम. पूर्वी इथे राष्ट्राध्यक्ष पायउतार झाला की सगळे कागद स्वतःची मालमत्ता समजून घरी न्यायचा, मग वारसांच्या हातात गेल्यावर काही विकले जायचे, काही जळायचे. फ्रँकलिन रूझवेल्टने १९४१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात हाइड पार्कला आपल्या घराशेजारी पहिली अशी लायब्ररी उघडली. पुढे १९५५ च्या कायद्याने पद्धतच पडली की देणग्यांतून इमारत उभी करायची आणि ती नॅशनल आर्काइव्हज या सरकारी खात्याने चालवायची. हूव्हरपासून धाकट्या बुशपर्यंत अशा १३ राष्ट्राध्यक्षांच्या लायब्रऱ्या देशभर आहेत, त्यातल्या तीन एकट्या टेक्सासमध्ये.

हे सगळं सांगायचं कारण, म्युझियमचा भाग बघताना एक गोष्ट डोक्यात ठेवायला लागते. प्रदर्शन मांडण्यात त्या राष्ट्राध्यक्षाच्या माणसांचा, फाउंडेशनचा हात असतोच, त्यामुळे कौतुकाचा सूर जरा वरच लागलेला असतो. पण त्याच इमारतीत वरच्या मजल्यांवर जे कागद आहेत ते कुणाची भीडभाड ठेवत नाहीत. गंमत या दोन्हींच्या मधे आहे.

निघायच्या आधी घरी बसून करायचं काम

सगळ्यात महत्त्वाचं पहिलं सांगते कारण हेच कुणी करत नाही. जाताना आपला एक प्रश्न घेऊन जा. एकच. नाहीतर तीन तास काचेमागचे पेन आणि कोट बघत फिरता आणि बाहेर आल्यावर फक्त पाय दुखतात. पहिल्या वेळी माझं तेच झालं होतं.

प्रश्न कसला घ्यायचा? आपल्या लोकांसाठी दोन तयार आहेत.

पहिला, आपण इथे आलोच कसे. १९४६ नंतर भारतासाठी वर्षाला जवळपास १०० माणसांचाच इमिग्रेशन कोटा होता. पूर्ण देशासाठी १००! जॉन्सनने ३ ऑक्टोबर १९६५ ला न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी बसून नवा इमिग्रेशन कायदा सही केला आणि देशावार कोट्याची ती जुनी पद्धत गेली. सही करताना तो म्हणाला होता की हा काही क्रांतिकारी कायदा नाही. आता ऑस्टिनच्या कुठल्याही देशी किराणा दुकानात शनिवारी सकाळी उभं राहून बघा म्हणजे किती क्रांतिकारी नव्हता ते कळेल.

दुसरा प्रश्न आपल्या आईवडिलांच्या पिढीचा आहे, पीएल ४८० चा गहू, म्हणजे अमेरिकेहून भारतात यायचा तो. त्याचं पुढे सांगते, त्यात बाबांचा किस्सा आहे.

मुलं बरोबर असतील तर त्यांचा प्रश्न वेगळा असू दे, माझ्या मुलाचा होता की राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर किती फोन असतात. चांगला प्रश्न होता, उत्तर पण मिळालं.

मग वेबसाईटवर जाऊन त्या दिवशीची वेळ आणि तिकिटाचा दर बघून घ्या. सवलती कुणाला आहेत तेही तिथेच कळतं, आईबाबा ज्येष्ठ नागरिकात बसतात, युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासच्या विद्यार्थ्यांना फुकट आहे. थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस आणि १ जानेवारीला बंद असतं, नेमके तेच दिवस जेव्हा आपल्याला सुट्टी असते आणि पाहुणे घरात असतात. अजून एक, ही जागा केंद्र सरकारची आहे, त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये बजेटवरून भांडण होऊन सरकार शटडाउन झालं की हिलाही टाळं लागू शकतं. बातम्यांत शटडाउनचं काही चालू असेल तर फोन करूनच निघा.

पार्किंग, आणि माझा मूर्खपणा

लायब्ररी युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसच्या पूर्व कडेला, रेड रिव्हर स्ट्रीटवर आहे. व्हिजिटर्ससाठी शेजारीच ३८ नंबरचा लॉट आहे आणि पार्किंग फुकट, जे या भागात म्हणजे लॉटरीच. पण जवळच फुटबॉलचं स्टेडियम आहे, लाखभर माणसं मावणारं, आणि शरद ऋतूत शनिवारी तिथे मॅच असते. हे मी इथे इतकी वर्षं राहून विसरले. आईबाबांना घेऊन ऑक्टोबरातल्या एका शनिवारी निघाले, पुढे सगळीकडे केशरी टीशर्ट घातलेली माणसं, रस्ते बंद, पाऊण तास फिरून शेवटी घरी परत, आणि बाबा मागच्या सीटवरून म्हणतात, "पंढरीची वारी हाय का काय गं आज?" तेव्हा ऑगस्ट अखेर ते नोव्हेंबर या काळात आधी लाँगहॉर्न्सचं, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचं टाइमटेबल बघा, घरच्या मैदानावर मॅच असेल तर तो शनिवार सोडून द्या.

शक्यतो आठवड्यातल्या मधल्या दिवशी, सकाळी उघडल्या उघडल्या जा. लॉटमधून इमारतीपर्यंत मोकळ्या फरसबंदीवरून चालत जावं लागतं आणि जुलै ऑगस्टमध्ये दुपारी तिथे पापड भाजून निघतील. आत मात्र एसी इतका कडक की शाल न्या, आईची तक्रार मी सहाही वेळा ऐकलीय. आणि पोटभर नाश्ता करून जा, आत जेवायची सोय होईल असं धरून चालू नका. माझ्या गाडीत थालीपीठ आणि दशम्यांचा डबा असतोच, गाडीत बसून खायचं आणि मग आत जायचं.

आत गेल्यावर कुठून सुरू करायचं

इमारत बाहेरून बघून बरेच जण म्हणतात हे काय, दगडी खोकं. खरंच तसं आहे, पांढरट ट्रॅव्हर्टिन दगडाचा, खिडक्या जवळपास नसलेला, १० मजली ठोकळा. गॉर्डन बनशाफ्ट नावाच्या आर्किटेक्टने केलाय, २२ मे १९७१ ला उद्घाटन झालं. मला आधी आवडायचा नाही, आता आवडतो. जॉन्सन माणूसच असा होता, सव्वासहा फूट उंच, समोरच्याच्या अंगावर वाकून, नाकाला नाक लावून, खांद्यावर हात टाकून त्याच्याकडून हो म्हणवून घेणारा. या प्रकाराला इथे 'जॉन्सन ट्रीटमेंट' म्हणतात. त्या फोटोंची एक प्रसिद्ध मालिका आहे, समोरचा बिचारा मागे मागे कलत जातोय आणि हा पुढे पुढे. तो फोटो बघितला की या खोक्याचा अर्थ लागतो.

आत सिक्युरिटी, तिकीट, मग म्युझियम. मोठ्या बॅगा गाडीतच ठेवा. फ्लॅश न लावता फोटो काढू देतात. लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी घाबरायचं कारण नाही, फक्त ग्रेट हॉलमधला तो भव्य जिना बघून उत्साहात चढायला जाऊ नका.

बहुतेक लोक पहिल्याच दालनात एकेक पाटी वाचत बसतात आणि शेवटच्या दालनापर्यंत पोचेतो दम संपतो. मी उलटं करते. आधी थेट ग्रेट हॉल. तिथे मान वर करून बघा, काचेच्या मागे चार मजले लाल रंगाची खोकी ओळीने लावलीत, प्रत्येकावर सोनेरी शिक्का. ती शोभेची नाहीत. ते खरं दफ्तर आहे, साडेचार कोटी पानं. मावशीला (ती शेवटी आली) तिथे उभं करून म्हटलं, ही घे तुझी लायब्ररी. ती बराच वेळ गप्प बघत राहिली आणि मग म्हणाली, "एवढं सगळं लिहून ठेवलं आणि वर लोकांना बघायला ठेवलं?" आमच्याकडे सातबारा काढायला सहा चकरा मारलेली बाई आहे ती, तिला जे वाटलं ते मला बरोबर कळलं.

तिथून लिफ्टने थेट १० व्या मजल्यावर. ओव्हल ऑफिसची प्रतिकृती तिथे आहे, मूळ खोलीच्या सात अष्टमांश आकाराची, म्हणून आत बघताना काहीतरी किंचित चुकल्यासारखं वाटतं. एका बाजूला तीन टीव्ही शेजारी शेजारी, कारण तेव्हा तीनच मोठी चॅनेल्स होती आणि याला तिन्हीवर आपल्याबद्दल काय चाललंय ते एकदम बघायचं असायचं. त्याच्याजवळ वृत्तसंस्थांची टेलिप्रिंटर मशीन्स. आपल्याकडचे नेते पाच व्हॉट्सॲप ग्रुप एकदम बघतात त्यातलाच प्रकार, फक्त ६० वर्षं आधीचा. आणि फोन, माझ्या मुलाने मोजले, टेबलावर, टेबलाखाली, जिथे बघाल तिथे फोन. हा मजला सकाळी रिकामा असतो, नंतर शाळांच्या सहली आल्या की रांग लागते, म्हणून आधी वर आणि मग खाली.

फोन उचला, इथे वेळ घालवा

आता माझ्या मते या लायब्ररीचा जीव कुठे आहे ते. जॉन्सन आपले फोन रेकॉर्ड करायचा. सहाशे तासांहून जास्त बोलणं टेपवर आहे. जाताना सांगून गेला होता की माझ्या मृत्यूनंतर ५० वर्षं या टेप्स उघडायच्या नाहीत. तो गेला जानेवारी १९७३ मध्ये, म्हणजे २०२३ पर्यंत बंद राहायला हव्या होत्या. पण फिती खराब होतील या काळजीने लायब्ररीने त्या १९९० च्या दशकातच उघडायला सुरुवात केली, आणि बरं केलं.

म्युझियममध्ये ठिकठिकाणी फोनचे रिसीव्हर ठेवलेत, उचलून कानाला लावायचे की खुद्द जॉन्सन बोलतोय. टेक्सन हेल जाड आहे, पहिल्यांदा काही कळत नाही, पण मजकूर लिहिलेला असतो, वाचत वाचत ऐका. आईबाबांना ऐकवताना मी एकेक वाक्य मराठीत सांगते, वेळ लागतो पण लागू दे, पेनं आणि कोट राहिले बघायचे तर राहू देत.

या टेप्सपैकी दोन घरी आल्यावर ऑनलाइन शोधून ऐकाच. एक ऑगस्ट १९६४ मधली, राष्ट्राध्यक्ष हॅगर कंपनीच्या मालकाला फोन करून पँटी शिवायला सांगतोय, कमरेला किती सैल, खिसे किती खोल, आणि कुठे काचतं ते अशा शब्दांत की मुलांना खोलीबाहेर काढावं लागेल. हसून हसून पोट दुखतं. दुसरी २७ मे १९६४ ची, व्हिएतनामबद्दल, आणि ती ऐकून हसू जातं. त्यात तो आपल्या सल्लागाराला सांगतोय की हे युद्ध लढण्यासारखं आहे असं मला वाटत नाही, आणि आपल्याला बाहेर पडता येईल असंही वाटत नाही. हे मोठं सैन्य पाठवायच्या आधीचं बोलणं! नंतर त्याने १६ हजारांवरून सैन्य ५ लाखांच्या वर नेलं, आणि त्या युद्धात शेवटी ५८ हजार अमेरिकन मेले, व्हिएतनामी तर कितीतरी लाख. म्हणजे माहीत होतं आणि तरी केलं. व्हिएतनामच्या दालनात जायच्या आधी एवढं लक्षात ठेवा आणि मग तिथल्या पाट्या वाचा, वेगळ्या वाटतात.

बाकी दालनं आपल्या आवडीनुसार. नागरी हक्कांचा कायदा १९६४, मतदान हक्काचा १९६५, हे बघायलाच हवं. मेडिकेअरपाशी, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यापाशी थांबा कारण एक छान गोष्ट आहे, ३० जुलै १९६५ ला जॉन्सन ती सही करायला मुद्दाम मिझुरीत इंडिपेंडन्सला माजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमनच्या लायब्ररीत गेला, कारण ट्रुमनने २० वर्षांपूर्वी प्रयत्न करून हात टेकले होते, आणि पहिलं कार्ड म्हाताऱ्या ट्रुमनलाच दिलं. जॉन्सनचा एक हलता बोलता बाहुला आहे, उभा राहून विनोद सांगतो. मुलांना आवडतो, मला बघून दरवेळी दचकायला होतं. काळी लांबलचक लिंकन लिमोझिन आहे, फोटो काढा आणि पुढे चला.

लेडी बर्डचा, म्हणजे त्याच्या बायकोचा भाग मात्र पळत बघू नका. टेक्सासच्या हायवेला मार्च एप्रिलमध्ये जी निळी फुलं दिसतात ना, रस्त्याकडेला रानफुलं लावायचा आणि जाहिरातींचे फलक कमी करायचा ध्यास या बाईंचा. ऑस्टिनच्या तळ्याला त्यांचंच नाव आहे.

बाबा आणि लाल गहू

बाबा माण तालुक्यातले, १९५५ चा जन्म. जॉन्सनच्या एका मोठ्या फोटोपुढे उभे राहून त्यांनी विचारलं ह्यो माणूस कोण, मी सांगितलं, हा १९६३ ते ६९ राष्ट्राध्यक्ष होता. थोडा वेळ हिशेब केला आणि म्हणाले, "म्हंजे ह्या बाबानं आमाला रेशनचा लाल गहू घातला व्हय?"

तर पीएल ४८० हा अमेरिकेचा जादा धान्य परदेशात द्यायचा कायदा, आणि १९६५-६६, ६६-६७ असे लागोपाठ दोन दुष्काळ पडले तेव्हा भारत त्या गव्हावर जगत होता, बंदरात जहाज लागलं की इकडे चूल पेटायची. जॉन्सनने काय केलं, वर्षाचा करार करायचं सोडून थोडं थोडं धान्य सोडायला सुरुवात केली, प्रत्येक खेप स्वतः मंजूर करणार. तुम्ही शेतीत सुधारणा करा, मग पुढचं जहाज. आणि व्हिएतनामवर भारताने टीका केली की याला राग यायचा तो वेगळाच. शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ उपास करायचं आवाहन केलं होतं ते याच काळात. बाबांची आजी त्या गव्हाच्या चपात्यांना चामडं म्हणायची. आणि गाजरगवत पण त्याच गव्हातून आलं असं आमच्याकडे सगळेच म्हणतात, बाबांनी ते तिथल्या एका स्वयंसेवक आजींना मला भाषांतर करून सांगायला लावलं. त्यांनी फार मनापासून सॉरी म्हटलं.

ही गोष्ट दालनांत शोधत बसलात तर निराश व्हाल, म्युझियमची मांडणी अमेरिकन माणसासाठी आहे, त्यात आपला दुष्काळ कुठून येणार. ती कागदांत आहे, आणि इथे प्रश्न घेऊन गेल्याचा उपयोग होतो.

कागद बघायचे असतील तर

पुष्कळांना माहीत नसतं की रीडिंग रूममध्ये कुणीही जाऊ शकतं, प्रोफेसर असावं लागत नाही, अमेरिकन नागरिकही असावं लागत नाही. पण असंच उठून जाऊ नका. आधी काही आठवडे लायब्ररीला ईमेल करा, विषय साध्या इंग्रजीत दोन ओळीत लिहा, आर्काइव्हिस्ट स्वतः सांगतात की कुठली खोकी मागवा. भारतासाठी नॅशनल सिक्युरिटी फाइलमधली 'कंट्री फाइल, इंडिया' मागा, आणि १९६६-६७ च्या भारतातल्या दुष्काळावर वेगळी एक फाइलच आहे, तीही मागा. दिल्लीत तेव्हा चेस्टर बोल्स राजदूत होते, ते गहू पाठवा म्हणून इकडे सतत लिहीत होते.

जाताना फोटोवालं ओळखपत्र न्या, पासपोर्ट चालतो. बॅग, कोट, पेन बाहेर लॉकरमध्ये. आत फक्त पेन्सिल, शाईचा एक थेंब पडला तर कागद गेला. लॅपटॉप चालतो, फोनने फ्लॅशशिवाय फोटो काढता येतात. एका वेळी एकच फोल्डर टेबलावर, पानांचा क्रम हलवायचा नाही. आणि प्रत्येक फोटो काढताना आधी खोक्याचा नंबर आणि फोल्डरचं नाव यांचा फोटो काढा, मी पहिल्यांदा काढला नाही आणि आता माझ्याकडे ४० पानांचे फोटो आहेत ज्यांचा ठावठिकाणा मलाच माहीत नाही.

तेवढा वेळ नसेल तर अमेरिकन परराष्ट्र खात्याने छापलेल्या दस्तऐवजांच्या मालिकेतला १९६४ ते ६८ चा २५ वा खंड, दक्षिण आशियाचा, इंटरनेटवर फुकट आहे. गव्हाच्या खेपांवरून चाललेली पत्रापत्री त्यात वाचायला मिळते.

वेळ उरला तर, किंवा दुसऱ्या गावी असाल तर

म्युझियमला अडीच ते तीन तास पुरे, त्यानंतर डोकं घेत नाही. दुसरा दिवस मोकळा असेल तर जॉन्सनचं रँच बघा, ऑस्टिनच्या पश्चिमेला साधारण सव्वा तास गाडीने, स्टोनवॉलजवळ. ते नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे, व्हिजिटर सेंटरमधून फुकट परमिट घ्यायचं आणि आपल्याच गाडीतून आत फिरायचं. जन्मघर, विमानाची धावपट्टी, आणि घरच्या दफनभूमीत दोघांच्या कबरी. त्याच्याकडे पाण्यात चालणारी निळी मोटार होती, पाहुण्यांना बसवून ब्रेक फेल झाले म्हणून ओरडत थेट तळ्यात घालायचा. घराच्या आत सोडतात का ते निघायच्या दिवशी वेबसाईटवर बघा, दुरुस्तीसाठी ते बराच काळ बंद ठेवलं होतं.

टेक्सासमधल्या उरलेल्या दोन म्हणजे थोरल्या बुशची कॉलेज स्टेशनला, इथून दोन तास, आणि धाकट्याची डॅलसला. डॅलसला ओव्हल ऑफिस पूर्ण आकाराचं आहे आणि टेबलामागे बसून फोटो काढता येतो, आपल्या पाहुण्यांना ते जास्त आवडतं, खोटं कशाला बोलू. लॉस एंजेलिसकडे असाल तर सिमी व्हॅलीत रेगनच्या लायब्ररीत खरं एअर फोर्स वन विमान आत उभं केलंय. बॉस्टनला केनेडीची समुद्राकाठी आहे. मिशिगनमध्ये फोर्डच्या बाबतीत सांभाळा, लायब्ररी ॲन आर्बरला आणि म्युझियम ग्रँड रॅपिड्सला, मधे दोन तासांचं अंतर, चुकीच्या गावी जाऊ नका. सगळ्या करायचा विचार असेल तर पहिल्याच ठिकाणी दुकानात लायब्रऱ्यांचा पासपोर्ट मिळतो तो घ्या, प्रत्येक ठिकाणी शिक्का मारून देतात. बाबांनी घेतलाय. सध्या त्यात एकच शिक्का आहे आणि तो त्यांनी गावाकडे नेऊन खऱ्या पासपोर्टच्या शेजारी कपाटात ठेवलाय.